शेवटच्या गाण्याची तालीम

सोलापूरच्या मे महिन्यात लोक अंगातला सदरासुद्धा उतरवून बसतात. आमचे घरमालक त्या दिवसांत कानाला लोकरीचा मफलर गुंडाळून गिरणीतून सायकलवर घरी यायचे. मफलरच्या आत दोन्ही कानांत कापसाचे बोळे, आणि बोळ्यांना वाळ्याचं अत्तर. गल्लीतल्या पोरांनी हसणंसुद्धा सोडून दिलं होतं. मी नवीन होते, बार्शीहून इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेली आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहणारी. त्यामुळे मी विचारलं, ‘मास्तर, थंडी वाजते का?’

‘कान झाकलेत,’ ते म्हणाले. ‘दिवसभर माग ऐकल्यावर कानाला लगेच दुसरं काही द्यायचं नसतंय. आधी माग उतरू द्यायचा.’

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. एका कापडगिरणीत ते विणकाम खात्याचे मास्तर होते. खंडेनवमीला गिरणी घरच्या माणसांना बघायला खुली असायची, तेव्हा मी त्यांचं खातं पाहिलं. एका छपराखाली ओळीनं माग उभे होते. त्यातला एकच चालवून दाखवला तर माझ्या छातीत धडधडायला लागलं, आणि हे सगळे एकदम चालत असताना मास्तर तिथे उभं आयुष्य फिरले होते. त्या खात्यात कुणाला हाक मारून उपयोग नसे. लोक आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायचे आणि समोरचा ओठ वाचून उत्तर द्यायचा.

काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, ऐन उमेदीत त्याच गिरणीत मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात होत्या. त्यांनाही ती भाषा यायची आणि घरात दोघं तीच वापरायची. जिन्यावरून मी कितीदा तरी पाहिलंय, दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर उभी, हातवारे चाललेले, ओठ भराभर हलताहेत, आणि घरात चिडीचूप. मला ते भांडण वाटायचं, आणि पुष्कळदा ते असायचंही.

‘आवाजानं भांडलं की शेजारी सोडवायला येत्यात,’ काकू म्हणायच्या. ‘आसं बरं पडतंय की.’

शाळेत मला सगळे बाई म्हणत. मास्तरांनी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, ‘ह्या घरात बाई एकच हाय. तुमाला आमी टीचर म्हणू.’ ही एकमेव बाई म्हणजे एक अमेरिकन गायिका होती. मिशनमधली एक मडम कायमची मायदेशी निघाली, तेव्हा मास्तर तिच्याकडे कपाट बघायला गेले होते. तिथे मडमेनं यंत्र चालतं हे दाखवायला एक तबकडी लावली. मास्तर कपाट विसरले आणि रेकॉर्ड प्लेअर नि ती एक तबकडी सायकलला बांधून घरी आले. त्या सायंकाळी काकूंनी कपाटासाठी रिकामी केलेली जागा पुढे कितीतरी वर्षं तशीच रिकामी होती, आणि त्याचा उल्लेख त्या महिन्यातून एकदा तरी करायच्या.

त्या गाण्यांना तिकडे काय म्हणतात ते मला पुढे कळलं. मला ते अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं गाणं वाटलं, पण शहरात जाऊन केस विंचरून आलेलं. गिटार असायची, मागून कोरस हळूच यायचा, कुठे तरी व्हायोलिन. आणि मधोमध त्या बाईचा आवाज, जरासा भरलेला, शब्दाच्या शेवटी किंचित मोडणारा. तबकडीच्या पुठ्ठ्यावर तिचा फोटो होता, केस डोक्यावर उंच बांधलेले. तो पुठ्ठा मास्तरांनी देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला होता. त्यांना तो देवघरातच ठेवायचा होता, पण तेवढं काकूंनी चालू दिलं नाही.

बाईचं नाव मास्तर कधीच घेत नसत. नुसतं ‘बाई’ म्हणतानाही त्यांचा हात उजव्या कानाकडे जायचा आणि ते कानाची पाळी धरायचे. गवय्यांमध्ये गुरूचं नाव घेताना अशी पाळी धरतात. लहानपणी मास्तरांच्या शेजारी एक म्हातारे बुवा गाणं शिकवायचे. मास्तरांना गळा नव्हता, बुवांनी त्यांना थोड्याच दिवसांत वाटेला लावलं होतं. गाणं राहिलं ते राहिलंच, रीत मात्र अंगात भिनली. ती सगळी रीत त्यांनी उचलून या अमेरिकन बाईच्या चरणी वाहिली.

एखाद्यानं सहज म्हटलं की, मास्तर, ती तुमची तबकडी ऐकवा की, तर मास्तर त्याच्याकडे असं बघायचे की तो पुन्हा त्या वाटेला जात नसे. बाईचं गाणं ऐकायचं नसतं, त्याची तालीम घ्यायची असते. आधी गंडा बांधायचा. गिरणीतलं लाल सूत मनगटाला, तोंडात गूळफुटाणे, मग पुठ्ठ्याला नमस्कार. पहिले काही आठवडे पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं. ते पचलं असं मास्तरांना वाटलं तर दुसरं. पायानं ताल धरायचा नाही. पोस्टातल्या एका कारकुनाचा अंगठा जरासा हलला, तर मास्तरांनी सुई उचलली, त्याच्या चपला दाराबाहेर सरळ करून ठेवल्या आणि शांतपणे म्हणाले, ‘या आता.’

सगळ्यात अवघड नियम माझ्या वाट्याला आला होता. ‘बाई काय म्हणती ते बोलायचं न्हाय. कशी म्हणती ते ऐकायचं. अर्थ ही वरची इयत्ता हाय.’

मला शब्द न् शब्द कळत होता आणि तोंड उघडायची चोरी. बाई गात असायची की नवरा घर सोडून गेला, दाराला कडी लावायचंही आता मनात येत नाही. आणि मास्तर डोळे मिटून म्हणायचे, ‘पहाट झाल्यागत वाटतंय, न्हाय का?’ मी मान डोलवायची. माझ्या जिभेला खाज सुटायची.

मी गंडा बांधला तो गंमत म्हणून. परगावात सुट्टीचा दिवस खायला उठतो, म्हणून. पहिले काही आठवडे मी मनात वह्या तपासायची. मग एका दुपारी तिसऱ्या गाण्यात बाईचा आवाज मोडला आणि मला बार्शीचं आमचं अंगण आठवलं, कारण नसताना. डोळे भरून आले. मास्तरांनी ते पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात मला चौथ्या गाण्यावर नेलं. तेव्हापासून मी त्या बाईची झाले ती कायमची.

काकू मात्र तालमीच्या वेळी त्या खोलीत पाऊल टाकत नसत. गिरणीच्या सुट्टीला गल्लीत घरोघरी चालणारे मागही बंद असायचे. जेवणं झाली की मास्तर अंघोळ करून यायचे, कानातले बोळे काढून पितळी वाटीत ठेवायचे, आणि त्याच क्षणी काकू सूप घेऊन मागच्या दारात जाऊन बसायच्या. ज्वारी निवडून झालेली असली तरी पुन्हा निवडायच्या. ‘चला, सवत आली,’ हे वाक्य ठरलेलं.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं कुणीच ऐकलं नव्हतं. खुद्द मास्तरांनीही नाही. तबकडी उजेडात तिरकी धरली की दिसायचं, बाकीचा भाग सुईनं फिरून फिरून करडा पडलेला, आणि अगदी आतल्या बाजूला एक पट्टा नवाकोरा, काळाभोर, चकचकीत. त्या पट्ट्याजवळ सुई आली की मास्तर ती उचलायचे.

‘का हो मास्तर?’

‘कानात अजून माग हाय,’ ते म्हणायचे. ‘सुट्टीच्या दिवशी बी पुरता उतरत न्हाय. बारीक घूं घूं असतीच. बाईची समदी गाणी आपण मागासकट ऐकलीत. एक तरी निवळ कानानं ऐकायचं. पुढल्या वर्षी रिटायर झालो की महिनाभर गप बसणार आणि मग लावणार.’

हे ते असं सांगायचे की ऐकणाऱ्यालाही त्या दिवसाची ओढ लागावी. मलाही लागली होती.

आमच्या गल्लीत दुपारी वीज मंदावायची. तबकडीचा वेग जरा उतरायचा आणि बाईचा आवाज खाली घसरायचा. माझ्या कानाला तो फरक कळायच्या आत मास्तर उडी मारून उठायचे, सुई उचलायचे आणि म्हणायचे, ‘बाई दमल्या. थांबा.’ वीज नीट होईपर्यंत आम्ही पुठ्ठ्याकडे बघत बसायचो.

तिसऱ्या गाण्यात एका ठिकाणी व्हायोलिन येतं. ते यायच्या नेमक्या क्षणी मास्तर तर्जनी वर करायचे. कधी चुकले नाहीत. मी आल्याच्या तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका दुपारी ते गाणं चाललं होतं आणि वीज मंदावली. चांगलीच मंदावली. बाई जणू झोपेत गायला लागली. मी मास्तरांकडे पाहिलं, आता उठतील. ते उठले नाहीत. डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते. मग त्यांनी बोट वर केलं आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ‘बघा,’ ते म्हणाले.

व्हायोलिन अजून आलंच नव्हतं. ते आलं तेव्हा मास्तरांचं बोट खाली गेलेलं होतं.

मी मान वळवली. मागच्या दारातून काकू माझ्याकडेच बघत होत्या. सुपातला त्यांचा हात थांबला होता. त्यांनी आवाज न काढता मान हलवली. बोलू नका, एवढंच मला त्या भाषेत कळलं.

त्या रात्री एकेक गोष्ट आठवायला लागली. काकू मास्तरांना मागून कधीच हाक मारत नसत. हातातलं पीठ तसंच ठेवून, वळसा घालून त्यांच्या समोर जायच्या आणि मगच बोलायच्या. मला वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे. हल्ली मास्तरांचा हात सारखा कानाकडे असायचा, आम्ही सगळे समजायचो की यांच्या मनात बाईच चालू आहे. गल्लीत कुणी काही बोललं की ते कानाच्या मागे हात नेत, समोरचा हसून म्हणे, आली वाटतं बाईची आठवण, आणि आपणहून पुन्हा मोठ्यानं बोले. ऐकू येत नाही म्हणून हा हात आहे असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. इतका तो हात आम्हाला भक्तीचा म्हणून ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर कामावर गेल्यावर मी खाली आले. काकू भाकऱ्या थापत होत्या.

‘कळलं न्हवं तुमाला?’ त्यांनी मान वर न करता विचारलं.

‘कधीपासून, काकू?’

‘दोन वर्सं झाली की. पयल्यांदा कुकरची शिट्टी गेली. मग पोस्टमनची घंटी. मग दाराबाहेरच्या चिमण्या. मी एकेक बघत होते. माझ्या कानात दुखतंय म्हणून त्यांना संगं दवाखान्यात नेलं. माझं बघून झाल्यावर म्हणलं, डॉक्टर, आता ह्यांचं बी बघा. त्यांनी बघितलं आणि मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. गेलेलं परत येत न्हाय, आणि ऱ्हायलेलं बी ऱ्हायचं न्हाय म्हणले.’

‘मास्तरांना सांगितलंत?’

‘त्यांना कळत न्हाय व्हय? माग थांबला का चालू हाय ते हात लावून बघत्यात म्हणं हल्ली. तोंडावर आणायचं न्हाय, एवढंच. आपलेच दात, आपलेच ओठ.’ त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्यावर पाणी फिरवलं. ‘पर ते शेवटचं गाणं, टीचर. रिटायर हुईस्तवर काय उरंल कानात? मला त्या सवतीचं तोंड बघवत न्हाय. पर ते एक गाणं त्यांच्या कानावर पडायला पायजे. वीस वर्सं राखून ठेवलंय वो त्यांनी.’

तव्यावरची भाकरी करपली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. मी ती उलटली.

मग मी शहाणपणा करायला गेले. पुढच्या सुट्टीला मास्तरांनी सुई लावायच्या आत मी म्हटलं, ‘मास्तर, माझं इथलं काही खरं नाही. घरून लग्नाचं मागे लागलेत, पुढच्या वर्षी मी सोलापुरात असेन-नसेन. ते शेवटचं गाणं एवढं ऐकायला मिळालं असतं तर.’ मला वाटलं फार बेमालूम जमलं. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची मला कधीच सवय नव्हती.

मास्तर माझ्या ओठांकडे बघत होते. बघून झाल्यावर त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथे ज्वारी निवडायचा आवाज बंद पडला होता, अर्थात तो त्यांना आला नसणार, पण काकूंची पाठ ताठ झालेली दिसत होती.

‘कुणी शिकवलं हे बोलायला?’

‘कुणी नाही, मास्तर.’

‘माझे कान माझे हायत,’ ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. ‘कवा काय ऐकायचं ते मी ठरवणार. हात पुढं करा.’

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या मनगटावरचं लाल सूत सोडलं. गाठ जुनी होती, घट्ट बसली होती. त्यांना ती सुटेना, नखानं उकलत राहिले, आणि तेवढा वेळ मला त्यांच्या कानातल्या वाळ्याचा वास येत राहिला. सूत निघालं. त्यांनी ते वाटीत बोळ्यांशेजारी ठेवलं, रेकॉर्ड प्लेअरवर धुतलेलं धोतर टाकलं आणि उठून गेले. मी माडीवर जाऊन ढसाढसा रडले. नोकरीवर रुजू झाल्यापासून मी तशी रडले नव्हते.

तालीम बंद पडली. घरातली ती बिनआवाजाची भांडणंही बंद पडली. दोघं एकमेकांकडे बघतच नव्हती, आणि न बघता त्या भाषेत बोलता येत नाही. मास्तर जेवायचे, कामावर जायचे, आल्यावर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी जिन्यावरून जाताना पावलं वाजवायची नाही, आणि मग माझ्याच लक्षात यायचं की वाजवली काय, न वाजवली काय.

संक्रांतीच्या सुमारास शाळेतून येताना मला मास्तर पुढे दिसले. गल्लीच्या तोंडाशी ते सायकल हातात धरून चालत होते. मागून सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी उतारावरून सुटली होती, गाडीवाला ओरडत होता, लोक ओरडत होते. मीही ओरडले. मास्तर आपल्या चालीनं मधोमध चालले होते. त्यांचा एक हात कानाकडे होता. शेवटच्या क्षणी पानवाल्यानं धावत जाऊन त्यांना दंडाला धरून ओढलं. गाडी सायकलच्या मागच्या चाकावरून गेली.

मास्तरांना काही लागलं नाही. ते वाकडं झालेलं चाक बघत उभे राहिले. गाडीवाला त्यांना शिव्या घालत होता आणि पानवाला त्याला म्हणत होता, ‘अरे, त्यांचं ध्यान बाईत असतंय, तुला म्हाईत न्हाय का?’ लोक हसले. मास्तरही हसले. तसं हसू मी कुणाच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहू नये.

मी काकूंना सांगितलं. त्या पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, ‘येत्या सुट्टीला तुमी खाली या. काय बोलू नका. दाराशी बसा.’

सुट्टीच्या दुपारी मी दाराशी बसले. मास्तर खाटेवर पडलेले. काकू अंघोळ करून, इरकल नेसून आल्या, वळसा घालून त्यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि आवाजात बोलल्या, मला कळावं म्हणून.

‘उठा. मला गंडा बांधा.’

मास्तर उठून बसले.

‘मला शिकायचंय तुमच्या बाईचं. पर शेवटच्यापासनं. पयल्यापासनं शिकायला मला टाईम न्हाय.’

‘तसं नसतंय,’ मास्तर म्हणाले. ‘रीत असती. पयलं पयल्यांदा.’

‘रीत तुमची. वीस वर्सं झाली, तालमीला कवा ह्या खोलीत बसले न्हाय मी. आज बसते म्हणते. न्हाय म्हणा, मी उठून जाते मागच्या दाराला, आणि मग पुन्यांदा विचारणार न्हाय.’

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोनाड्यातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. काकू तशाच उभ्या होत्या. मला वाटलं, आता हे ‘माझे कान’ म्हणतील आणि सगळं संपेल.

‘मला अजून माग ऐकू येतोय,’ मास्तर शेवटी म्हणाले. ‘आता नुसता मागच ऐकू येतोय. तू बोलतीस ते बी मी बघून ऐकतोय. कधीचा.’

‘म्हाईत हाय,’ काकू म्हणाल्या.

मास्तरांनी वाटीतलं लाल सूत घेतलं. माझ्या मनगटावरून सोडलेलं तेच. काकूंच्या हिरव्या बांगड्या वर सारून त्यांनी ते बांधलं. गूळफुटाणे नव्हते, काकूंनी डब्यातली शेंगाची चटणी चिमूटभर तोंडात टाकली आणि पुठ्ठ्याला हात जोडले. मग त्या मास्तरांच्या समोर मांडी घालून बसल्या. मी मास्तरांच्या मागे, दाराशी.

सुई त्या चकचकीत पट्ट्यावर टेकली. बाकीची गाणी खरखरत यायची, हे इतकं स्वच्छ आलं की मी दचकले, बाई घरातच कुठे तरी उभी आहे असं वाटलं. मास्तरांनी डोळे मिटले. गिटारचा खर्ज आणि ढोलाचा ठेका त्यांच्यापर्यंत पोचत असावा, गुडघ्यावरचं बोट हलत होतं. बाई गायला लागली तरी त्यांचा चेहरा बदलला नाही. ते तिची वाट बघत होते. ओळ गेली, दुसरी गेली. मग त्यांना कळलं असावं. त्यांनी डोळे उघडले आणि सुई उचलायला हात पुढे केला.

काकूंनी तो हात धरला. ‘टीचर,’ त्या म्हणाल्या, ‘काय म्हणती ही?’

मी बोलले नाही. नियम होता. माझं मनगट रिकामं होतं, तरी होता.

मास्तरांनी काकूंच्या ओठांवरचा प्रश्न वाचला. त्यांनी कानाची पाळी धरली, थोडा वेळ धरून ठेवली, आणि मान न वळवता म्हणाले, ‘सांगा, टीचर. आता सांगा.’ आणि हातानं सुई पुन्हा त्या गाण्याच्या सुरुवातीला ठेवली.

गाणं साधं होतं. खरं सांगायचं तर त्या तबकडीवरचं ते सगळ्यात साधं गाणं होतं, तबकडीत जागा उरली म्हणून घातल्यासारखं. वीस वर्षं राखलं ते हे. पण बाई गात होती तसं मी ओळीमागून ओळ मराठीत सांगत गेले. एक बाई नवऱ्याची वाट बघत पुढच्या दारात उभी आहे. रस्त्यानं गाड्या जाताहेत. प्रत्येक गाडी आली की तिला वाटतं, हा आला. कालवण निवतंय, ती पुन्हा पुन्हा गरम करतेय. शेवटी कंटाळून दार लावायला वळते तर हा आत बसून जेवतोय. मागच्या दारानं आला, केव्हाच आला.

मी सांगायची आणि काकूंचे ओठ हलायचे. आवाज नाही. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते, गुडघ्यावर बोटाचा ठेका चालू. कालवणाच्या ओळीला काकू हसल्या, आणि जरा मागून मास्तर हसले. मागच्या दारावर काकूंचे ओठ अडखळले. त्यांनी ती ओळ दोनदा सांगितली असावी.

गाणं संपलं. सुई आतल्या रिकाम्या जागेत खट खट फिरत राहिली. माझ्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं, पण काकूंचे ओठ थांबले नाहीत. त्या बोलतच होत्या, भराभर, डोळ्यांतून पाणी चाललेलं तशाच. ते गाण्यातलं नव्हतं. मला ती भाषा येत नव्हती आणि मी विचारणारही नव्हते. मास्तरांना गाणं संपल्याचं कळलं नसेल, किंवा कळलंही असेल. कानाची पाळी धरून ते ऐकत होते.

मग काकूंवरची नजर न काढता ते मोठ्यानं म्हणाले, ‘टीचर, क्रम चुकला. नव्या माणसाला हितनंच सुरू करायला पायजे होतं.’

‘हो, मास्तर,’ मी म्हणाले.

ते उत्तराची वाट बघत राहिले. मी त्यांच्या पाठीमागे होते. मी उठले, वळसा घालून काकूंच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्यांच्यासमोर पुन्हा म्हणाले, ‘हो, मास्तर.’